पाटीवर नाव कुणाचं? जयपूरच्या गल्ल्या आणि आपला पत्ता

गेल्या हिवाळ्यात अण्णांनी गावाहून पार्सल पाठवायचं काढलं. शेंगदाण्याची चटणी, आईनं केलेले तिळाचे लाडू आणि माझी घरी राहिलेली दोन पुस्तकं. पत्ता विचारायला त्यांचा फोन आला. मी म्हटलं, "सिव्हिल लाइन्स, जयपूर." सिव्हिल लाइन्स म्हणजे काय हे अण्णांना ठाऊक आहे. दीक्षाभूमीला जाताना नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले बंगले त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेत. पोरगी साहेबांच्या वस्तीत राहते म्हणून ते खूश झाले. मग म्हणाले, "बरं, गल्लीचं नाव सांग."

"गल्लीला नाव नाही, अण्णा."

"असं कसं? बिननावाची गल्ली असती व्हय कुठं?"

असते. मी तिथेच राहते. जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राज्यपालांचं निवासस्थान आहे, मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत. त्यातल्याच एका जुन्या बंगल्याच्या मागे पूर्वी नोकरांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. त्यातली एक मी भाड्यानं घेतली आहे. खोलीचं दार पुढच्या रस्त्यावर उघडत नाही, मागच्या गल्लीत उघडतं. समोरून सायकल आली तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं एवढी ती अरुंद आहे. पुढच्या रस्त्याला नाव आहे, बंगल्याला नंबर आहे, गेटवर पितळेची पाटी आहे. मागच्या गल्लीतून धुणीभांडी करणाऱ्या बाया येतात, माळी येतो, ड्रायव्हर येतो, पहाटे झाडू मारणाऱ्या बाई येतात. आणि मी.

ही खोली मिळण्याआधी तीन आठवडे मी शहरभर हिंडले. महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरच्याला अंदाज येतो. इथे माझं आडनाव कुणाला वाचता येत नाही. म्हणून घरमालक सरळच विचारायचे, "महाराष्ट्र में आप लोग क्या होते हैं? ब्राह्मण? मराठा?" मी खरं ते सांगायचे. मग त्या खोलीत नेमका कुणीतरी नातेवाईक राहायला येणार असायचा. हे वाचणाऱ्या बहुतेकांना मी काही नवीन सांगत नाही, याची मला कल्पना आहे.

अण्णांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. कारण आमच्या गावातल्या गल्लीला नाव होतं. ते आमच्या जातीचं नाव होतं. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच, पोस्टमनच्या तोंडी तेच. पत्ता सांगितला की जात वेगळी सांगावी लागत नसे. तिथे नाव होतं ते नकोसं होतं. इथे नावच नाही. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो मला जुन्या जयपूरच्या गल्ल्यांनी शिकवला.

सिव्हिल लाइन्सच्या स्थानकावर मेट्रोत बसलं की रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्प, चांदपोल आणि मग छोटी चौपड. वीसेक मिनिटांत माणूस जुन्या शहरात पोहोचतो. २०१५ साली ही मेट्रो चांदपोलपर्यंत होती, २०२० मध्ये ती जमिनीखालून बडी चौपडपर्यंत गेली. वर आलं की समोर ते जगप्रसिद्ध गुलाबी शहर. मी क्षेत्रकार्यासाठी इथे येते आणि बहुतेक दिवस गल्ल्यांमधून चालण्यातच जातात.

हे शहर सवाई जयसिंह दुसरा यानं १७२७ साली वसवलं. विद्याधर भट्टाचार्य हे नाव त्याच्या आराखड्याशी जोडलेलं आहे. सरळ रेषेत जाणारे रस्ते, काटकोनात छेदणारे चौक, आणि त्यातून तयार झालेल्या नऊ चौकड्या. मुख्य रस्ते सुमारे १११ फूट रुंद, त्यानंतरचे त्याच्या निम्मे म्हणजे ५५ फूट, मग २७, मग १३. नगररचनेच्या वर्गात हे आकडे कौतुकानं सांगितले जातात, आणि कौतुक करण्यासारखे ते आहेतही. अठराव्या शतकात एवढी शिस्तीची आखणी सोपी नव्हती. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शहर वैदिक वास्तुविचाराच्या प्रकाशात आखलं गेलं, बाजारांच्या दर्शनी भिंती एकसारख्या आहेत, असं त्या गौरवात येतं.

पण १११, ५५, २७, १३ हे फक्त रस्त्यांचे आकडे नाहीत. कोणत्या रुंदीच्या रस्त्यावर कुणी राहायचं हेही त्याबरोबर ठरत गेलं. रस्त्यांच्या पाट्या वाचत चाललं की ते दिसतं.

इथे आतल्या रस्त्याला 'रास्ता' म्हणतात. काही रस्त्यांना देवांची नावं आहेत: गोपालजी का रास्ता, दीनानाथजी का रास्ता. काहींना ठाकूर-सरदारांची: नींदड रावजी का रास्ता. काही रस्ते दिवाण आणि व्यापारी घराण्यांचे: नाटाणियों का रास्ता, हल्दियों का रास्ता. त्यानंतर येतात कारागीर: मनिहारों का रास्ता, ठठेरों का रास्ता, लुहारों का खुर्रा. घाट दरवाजाकडे गेलं की रैगरों की कोठी, म्हणजे कातडं कमावणाऱ्यांची वस्ती.

आता ही यादी पुन्हा वाचा. देवाला स्वतःचं नाव आहे. ठाकुराला स्वतःची पदवी आहे. दिवाणाला आणि सावकाराला घराण्याचं नाव आहे. कारागिराला फक्त जातीचं नाव आहे. तीनशे वर्षांत त्या रस्त्यावर किती मनिहार, किती ठठेरे जन्मले आणि मेले, पण पाटीवर त्यांच्यातला एकही माणूस नाही, सगळ्यांची मिळून एक जात आहे. आणि मोठ्या बाजारांना लागून असलेल्या ज्या रस्त्यांवरून मी चालले, तिथे शहर झाडणाऱ्यांच्या नावाचा 'रास्ता' मला दिसला नाही.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती पुस्तकात समजून घ्यायला मला एम.ए.चं पहिलं वर्ष लागलं होतं. इथे ती एका दुपारी पाट्यांवर वाचता येते. सगळेच सारखे वंचित नसतात. एकाला नाव, दुसऱ्याला घराणं, तिसऱ्याला जात, चौथ्याला काही नाही. आणि तिसरा चौथ्याकडे पाहून समाधान मानतो.

मराठी वाचकासाठी या शहरात एक खास गोष्ट आहे. तटाबाहेर, नाहरगडाच्या पायथ्याकडे ब्रह्मपुरी नावाची वस्ती आहे. जयसिंहानं वैदिक यज्ञ केले, अश्वमेध केला, त्यासाठी आणि दरबारासाठी ब्राह्मण विद्वान बोलावले. त्यात महाराष्ट्रीय होते. रत्नाकरभट्ट पौंडरीक हा जयसिंहाचा गुरू, 'जयसिंहकल्पद्रुम' या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा कर्ता. सम्राट जगन्नाथ हा दुसरा. त्यानं युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणलं. ब्रह्मपुरीत आजही पौंडरीकांची हवेली आहे, तिच्यातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या पर्यटकांना ही माहिती दिली की त्यांची छाती फुगते. आपला माणूस इतक्या लांब येऊन राजगुरू झाला!

मी तिथे उभी राहिले तेव्हा मलाही क्षणभर तसं वाटलं. लांबच्या गावात आपली भाषा बोलणाऱ्याचा माग सापडला की बरं वाटतंच. मग दुसरा विचार आला. जगन्नाथाचं काम मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचं नाव टिकलं ते फक्त काम मोठं होतं म्हणून टिकलं का? त्याला लिहिता येत होतं, त्याला राजाश्रय होता, पौंडरीकांच्या घराला भिंती होत्या आणि त्या भिंतींना पुढे सरकारी संरक्षण मिळू शकलं. त्या भिंती उभारणाऱ्यांच्या आणि तिथलं अंगण झाडणाऱ्यांच्या हातांची नोंद कुठे नाही. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेला तो आणि आज आलेली मी, आमची भाषा एक आहे. पण त्याच्या मराठीला ब्रह्मपुरी मिळाली आणि माझ्या मराठीला "आप लोग क्या होते हैं" हा प्रश्न मिळाला.

या उतरंडीचं वरचं टोक अजून पक्कं आहे. राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूरमधल्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला गेला. तो हलवायचं न्यायमूर्तींनी ठरवलं, त्याला स्थगिती मिळाली, आणि पुतळा आजही तिथे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादहून आलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं. ज्याच्या नावावर आपल्याला नाव नाकारलं गेलं, त्याचं नाव राज्यघटनेच्या काळात, न्यायालयाच्या दारात कोरलं जातं. नाव कुणाचं लावायचं हा प्रश्न म्हणजे जुनी गोष्ट नाही.

आता त्रिपोलिया बाजारातून मनिहारों का रास्तामध्ये वळू. लाखेच्या बांगड्यांसाठी हा रस्ता देशभर माहीत आहे. लाखेचा गोळा निखाऱ्यावर मऊ करायचा, त्यात रंग मिसळायचा, त्याची सळई लाटायची, गरम आहे तोवर वाकवून टोकं जोडायची, लाकडी साच्यावर घालून गोल करायची, मग एकेक खडा बसवायचा. बोटांना चटके ठरलेले. लाख येते झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातून, ती झाडावरून काढणारे बहुतांशी आदिवासी. बांगडी घडवणारे मनिहार मुसलमान. ती सवाष्णीच्या हातात शुभ म्हणून चढते. लग्नघरात बांगडी चालते. घडवणारी बाई पाहुणी म्हणून किती घरांत चालते, हे तिलाच विचारावं.

एका घरात मी बसले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, की त्यांची मुलगी महाविद्यालयात जाते, पण पत्ता विचारला की फक्त "त्रिपोलिया" सांगते. रस्त्याचं नाव घेत नाही, कारण नावाआधी बिरादरी पोहोचते. मी दचकले. मीही अकरावीत असताना तालुक्याच्या वसतिगृहात हेच करायचे. गावाचं नाव सांगायचे, वस्तीचं टाळायचे. धर्म वेगळा, प्रांत वेगळा, पण मुलींनी शोधलेली पळवाट एकच. जात धर्माबरोबर सुटत नाही हे पसमांदा चळवळीतले लोक वर्षानुवर्षं सांगत आहेत. ते त्या दुपारी मला पटलं.

रास्ता सोडून आणखी आत गेलं की घरांमधून जाणाऱ्या बोळी लागतात. तेरा फुटांचा हिशेब इथे संपतो. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पर्यटक इथे फोटो काढतात. अरुंद गल्लीत सावली राहते, उन्हाळा सुसह्य होतो, म्हणून ही पूर्वजांची हुशारी, असं मार्गदर्शक सांगतात. हवामानाचं ते कारण खरं आहे. पण प्रत्येक बोळ सावलीसाठी नव्हती. भुयारी गटारं येण्याआधी घरांच्या मागे कोरडे संडास असत, आणि ते साफ करायला येणाऱ्या माणसाला घरातून जाऊ देत नसत. त्याच्यासाठी मागची वाट. त्या वाटेची रुंदी किती? डोक्यावर टोपली घेतलेलं एक माणूस जाईल एवढी.

मुंबईकरांना ही वाट 'हाउस गल्ली' म्हणून माहीत आहे. जुन्या चाळी आणि इमारतींच्या मधली ती काळोखी फट. मैला नेणाऱ्याच्या वापरासाठी ती सोडलेली होती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर 'हलालखोर कर' या नावाचा स्वतंत्र करच होता. म्हणजे कायद्याला ते काम करणारी जात ठाऊक होती, तिच्या नावानं कर गोळा होत होता, पण ज्या फटीतून ती माणसं चालायची तिला नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही. पुढे फ्लश आले, टोपली गेली, फट राहिली. आज तिच्यात कचरा पडतो आणि तो काढायला उतरतं कोण, हे सांगायला नको. हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते, म्हणजे माणसं मरणं थांबलेलं नाही.

हे सगळं जुन्या शहराचं झालं, असं म्हणून सुटता येत नाही. सिव्हिल लाइन्स ही आधुनिक वस्ती. हे नावच गोऱ्या साहेबांच्या काळचं. लष्कराची छावणी वेगळी, मुलकी अधिकाऱ्यांची 'लाइन' वेगळी, आणि 'नेटिव्हांचं' गाव त्याहून वेगळं, अशी ती मांडणी. जयपूर हे संस्थान असूनही तटाबाहेर ही वस्ती उभी राहिली. मोठं आवार, मधोमध बंगला, पुढे बाग आणि अगदी मागे नोकरांच्या खोल्या. त्या खोल्यांना वेगळं दार, त्या दारासाठी वेगळी गल्ली. वास्तुशास्त्र इंग्रजी, पण मागच्या दाराची कल्पना समजावून सांगायला इंग्रजांना इथे कुणाला शिकवावं लागलं नसेल. साहेब गेले, बंगल्यात आपले लोकप्रतिनिधी आले. मागची गल्ली आहे तशीच राहिली. माझ्या खोलीच्या दारातून मला रोज दिसतं की पुढचा रस्ता स्वच्छ आणि रुंद आहे तो मागच्या गल्लीमुळे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळू नये. लोक म्हणतात, जयसिंहानं कारागिरांना बोलावून जागा दिली, संरक्षण दिलं, एकाच धंद्याची माणसं शेजारी राहिली म्हणून कसब टिकलं. त्यात जात कशाला शोधता? आक्षेपात तथ्य आहे. राजाश्रयाशिवाय हे शहर कारागिरांचं झालं नसतं, आणि युनेस्कोच्या गौरवातही कारागिरीला जागा आहे. पण एका धंद्याचे लोक शेजारी राहणं वेगळं आणि त्यांच्या मुलांना दुसरा धंदा आणि दुसरा शेजार नाकारणं वेगळं. कामाची वाटणी कुठल्याही समाजात असते. काम करणाऱ्यांनाच कायमचं वाटून टाकणं हे जातीचं काम, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच स्पष्ट केला आहे. मनिहारों का रास्तावर हल्दिया घराण्यातल्या कुणी राहायला यावं किंवा तिथल्या मुलीनं हल्दियों का रास्तावर घर घ्यावं, असा प्रवास तीनशे वर्षांत किती झाला? वारशाची नोंद कसबाचं कौतुक करते. कसबी माणसाची मजुरी, त्याचं नाव आणि त्याच्या मुलीचा पत्ता यांबद्दल ती काही विचारत नाही.

सफाईच्या नोकऱ्यांत हा गुंता आणखी घट्ट झालेला दिसतो. जयपुरात गेल्या काही वर्षांत सफाई कामगारांच्या भरतीवरून संप झाले. वाल्मीकी समाजाची मागणी होती की भरतीत आम्हाला प्राधान्य द्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हे लोक झाडूच का मागतात? त्यांची तक्रार ऐकली की कळतं. कायम सरकारी नोकरी म्हणून इतर जातींचे लोकही अर्ज करतात, निवडले जातात आणि मग कार्यालयात टेबलावर बसवले जातात. रस्त्यावर झाडू शेवटी पूर्वीच्याच हातात, तोही कंत्राटी. म्हणजे पगार सगळ्यांसाठी खुला झाला, काम मात्र जातीतच राहिलं. अर्ज करणाऱ्यांत पदवीधर मुलं-मुलीही आहेत. आपल्यासारखीच, घरातली पहिली पदवी असलेली.

रस्ता सार्वजनिक असतो असं आपण गृहीत धरतो. तो सार्वजनिक करावा लागला आहे. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. घटनाकारांना 'रस्ते' हा शब्द लिहावा लागला, कारण या देशात रस्ता कुणी वापरायचा हेही ठरलेलं होतं. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये लोक चवदार तळ्यापर्यंत गेले ते गावच्या रस्त्यांवरून चालत गेले. पाण्याची गोष्ट आपण सांगतो, त्या चालण्याची कमी सांगतो. आणि जयपूर जिल्ह्यातल्याच चकवाडा गावात डिसेंबर २००१ मध्ये बैरवा समाजाच्या दोघांनी गावच्या तळ्यावर सवर्णांच्या घाटावर अंघोळ केली, तर त्यांच्यावर बहिष्कार पडला. महाडला तेव्हा ७४ वर्षं झाली होती.

आता पुन्हा आमच्या गल्लीकडे येते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय घेतला की जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर. आमच्याकडेही नवी पाटी लागली. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. ती म्हणाली, "आता पोरांना पत्ता सांगायला लाज वाटायची नाही बघ." मी हो म्हटलं. त्या निर्णयाच्या मी बाजूनेच आहे. ज्यांना त्या नावानं हाक मारली गेली, त्यांना ते पुसायचा पूर्ण हक्क आहे. संशोधकाला पुरावा हवा म्हणून आमच्या कपाळावर ते नाव ठेवा, असं मी म्हणू शकत नाही.

तरीही मनात एक खटका आहे आणि तो तुमच्यापुढे मांडायचा म्हणूनच हे लिहायला घेतलं. पाटी बदलली, वस्तीची जागा बदलली नाही. ती अजून गावाच्या त्याच टोकाला आहे. नळाला पाणी अजून शेवटी येतं. आणि आणखी पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की भीमनगर गावाबाहेर का, तर उत्तर कागदावर मिळणार नाही. नाव पुसल्यानं अपमान कमी होतो, पण ज्यांनी तो केला त्यांचा माग सुद्धा पुसला जातो. पौंडरीकांच्या हवेलीला संरक्षण आणि आमच्या वस्तीला फक्त नवा रंग, असं झालं तर इतिहास पुन्हा त्यांचाच उरेल.

म्हणून नाव बदलण्याबरोबर दुसरं काम आपण करायला हवं, आणि ते दुसरं कुणी करणार नाही. आपल्या गल्लीचा इतिहास आपण लिहायचा. यासाठी पीएच.डी. लागत नाही. एक वही लागते. वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, कारण पाण्याला कुठून जावं लागायचं हे बाईलाच नीट आठवतं. कोणत्या वाटेनं जायला मनाई होती? चप्पल कुठे काढावी लागायची? पहिला नळ कोणत्या वर्षी आला, पहिला दिवा, पहिला सिमेंटचा रस्ता? गावातून पहिली भीमजयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं निघाली आणि ती कुणी अडवली? पहिली दहावी पास मुलगी कोण? ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्तं, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, मोजणीचा नकाशा, नगरपालिकेचं सफाई कामगारांचं हजेरीपत्रक, ही सगळी कागदपत्रं म्हणजे आपलं दफ्तर आहे. राजाचं दफ्तर बिकानेरच्या अभिलेखागारात सांभाळून ठेवलेलं असतं. आपलं ग्रामपंचायतीच्या कपाटात वाळवी खात असतं. ते उघडायला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो, आणि अर्ज कसा करायचा हे आपल्याला आता येतं. घरातल्या पहिल्या पदवीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आणि लिहिताना जातीचं नाव नुसतं लिहू नका, माणसांची नावं लिहा. 'आमचा समाज विहीर खोदायचा' असं नको. कोणत्या आजोबांनी कोणती विहीर खोदली आणि तिचं पाणी त्यांना का मिळालं नाही, असं लिहा. नवी पाटी लावायची असेल तर तिच्याखाली चार ओळी असू द्या: ही वस्ती इथे का वसवली गेली, इथून कोण कोण चालत बाहेर पडलं. जयपूरच्या रस्त्यांवर वारशाचे फलक लागतात तेव्हा मनिहारों का रास्ताच्या फलकावर निदान तिथल्या कारागिरांची नावं, त्यांच्या संमतीनं, असावीत. संमती हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यांची नावं आजवर कुणी विचारली नाहीत, त्यांची नावं आपणही न विचारता छापू नयेत.

माझ्या मागच्या गल्लीत पहाटे झाडू मारणाऱ्या बाईंना बंगल्यातले लोक जातीच्या नावानंच हाक मारतात. तीन महिने मी नुसतं हसून जात होते. अण्णांच्या फोननंतर मी त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मग माझं विचारलं. माझं आडनाव ऐकून त्यांनी जात विचारली नाही, "खाना क्या बनाती हो" असं विचारलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहू का असं मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

पार्सल आठ दिवसांनी आलं. अण्णांनी पत्त्यात गल्लीचं नाव म्हणून स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "बंगल्याची मागची गल्ली". पोऱ्या पुढच्या गेटवर थांबला आणि चौकीदारानं त्याला मागून जायला सांगितलं. लाडू आम्ही दोघींनी पायरीवर बसून खाल्ले. चटणी त्यांना तिखट लागली.

जय भीम.